फोटोतील व्यक्तीभोवतीचे वलय दिसत नाही, तुटते किंवा मळकट होते: कारणे आणि उपाय

लक्षणे

फोटोतील व्यक्ती पार्श्वभूमीपासून कापून वेगळी केली, तिला आउटर ग्लो (कडेबाहेर उजेड पसरवणारा सॉफ्टवेअरमधील परिणाम) लावला आणि तरीही मनासारखे वलय उमटले नाही, ही तक्रार वेगवेगळ्या रूपांत समोर येते. कधी ग्लो चालू असूनही काहीच दिसत नाही. कधी तो दिसतो, पण मऊ प्रकाशाऐवजी केसासारखी बारीक रेघ होऊन बसतो. अर्ध्या उंचीचा फोटो असेल, तर कंबरेखाली सरळ आडवी चमकती पट्टी येते. कधी वलय आणि व्यक्ती यांच्या मधोमध पांढरी, हिरवट किंवा काळपट झालर राहते, तर कधी वलयात ठिकठिकाणी ढगासारखे डाग उठतात. गडद पार्श्वभूमीवर प्रकाशाचा उतार सलग न दिसता पायऱ्यापायऱ्यांनी दिसतो. आणि सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे संगणकावर सुंदर दिसलेले वलय मोबाईलवर पांढऱ्या चौकोनात अडकते किंवा फ्लेक्सवर मळकट छापले जाते.

गोव्यातील फोंडा तालुक्यातील माझ्या छोट्या स्टुडिओत जत्रेतील नाटकांचे फलक, चवथीची शुभेच्छापत्रे, वाढदिवसाचे बॅनर आणि श्रद्धांजलीच्या जाहिराती तयार होतात, आणि या सर्व कामांत व्यक्तीभोवती वलय हवेच असते. स्वतःच्या आणि शेजारच्या गावांतील हौशी नाट्यमंडळांच्या मुलांनी आणून दिलेल्या फाइलींत मी हेच दोष इतक्या वेळा दुरुस्त केले आहेत, की आता ते कोणत्या क्रमाने तपासावेत हे ठरून गेले आहे. देवळातील मूर्तीमागची चांदीची प्रभावळ वेगळी घडवून मागे उभी केलेली असते. संगणकातील प्रभावळ मात्र व्यक्तीच्या कडेतूनच उगवते. लेयरमधील (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एका थरातील) अपारदर्शक भाग जेथे संपतो आणि पारदर्शक भाग जेथे सुरू होतो, ती सीमा सॉफ्टवेअर शोधते, बाहेर पसरवते आणि धूसर करते. त्यामुळे ग्लोच्या खिडकीतील आकडे पुन्हा पुन्हा बदलत बसण्यापेक्षा कड, पार्श्वभूमी आणि फाइल या तीन गोष्टी पाहिल्या, तर दोष बहुधा तेथेच सापडतो.

पुढील नावे फोटोशॉपमधील आहेत. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्ये लेयर स्टाइलची (लेयरला ग्लोसारखे परिणाम देणाऱ्या खिडकीची) रचना जवळपास तशीच आहे. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जेथे फरक पडतो, तेथे तो सांगितला आहे.

दोष नेमका कोठे दिसतो

पहिली तपासणी बिनखर्चाची आणि अर्ध्या मिनिटाची आहे. फाइल १०० टक्के झूमवर पाहावी, मग पूर्ण चित्र पडद्यावर मावेल इतकी लहान करून पाहावी, आणि शेवटी जतन केलेली प्रत मोबाईलवर उघडावी. लहान झूमवर सॉफ्टवेअर कडा आणि परिणाम अंदाजाने काढून दाखवते, त्यामुळे तेथे दिसलेली झालर कित्येकदा प्रत्यक्षात नसते. याउलट १०० टक्क्यांवर मऊ वाटणारे वलय पूर्ण चित्रात नजरेलाच पडत नाही, असेही होते. सॉफ्टवेअरमध्ये सर्व ठीक असून केवळ जतन केलेल्या प्रतीत दोष असेल, तर ग्लोला हात लावण्याचे कारण नाही; अडचण फाइलच्या प्रकारात आहे.

त्याच वेळी लेयरखाली लिहिलेल्या ‘इफेक्ट्स’ या शब्दापुढचा डोळा (दाखवण्या-लपवण्याची खूण) चालू आहे का, हेही पाहावे. तो चुकून बंद झालेला असतो, आणि काही वेळा ‘हाइड ऑल इफेक्ट्स’ ही आज्ञा दिली गेलेली असते. लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) कमी केली, तर तिच्याबरोबर ग्लोही फिका होतो. ‘फिल’ कमी केल्यास मात्र फोटो फिका होतो आणि ग्लो तसाच राहतो. या दोन पट्ट्यांतील हा फरक माहीत नसल्यामुळे पुष्कळ वेळ वाया जातो.

पडद्यावर काळे चौकोन उमटत असतील किंवा वलय लुकलुकत असेल, परंतु जतन केलेली प्रत स्वच्छ असेल, तर प्रेफरन्सेसमधील परफॉर्मन्स विभागात ग्राफिक्स प्रोसेसरचा वापर बंद करून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करावे. एवढ्याने चौकोन गेले नाहीत आणि इतर प्रोग्रॅममध्येही दिसू लागले, तर ते काम संगणक दुरुस्त करणाऱ्याचे आहे, आणि त्याच्याकडे जाण्यापूर्वी चालू कामाची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.

लेयर खरोखर पारदर्शक आहे का

नवशिक्यांच्या फाइलीत ‘ग्लो दिसतच नाही’ या तक्रारीचे कारण मला बहुतेक वेळा येथेच सापडले आहे. जेपीईजी उघडल्यावर फोटो ‘बॅकग्राउंड’ नावाच्या कुलूपबंद लेयरवर येतो, आणि या लेयरला लेयर स्टाइल लावताच येत नाही. त्यावर दोनदा क्लिक करून तो साधा लेयर करून घेतला, तरी काम संपत नाही, कारण लेयर अजून संपूर्ण चौकोनभर भरलेलाच असतो. अशा लेयरची कड म्हणजे कॅनव्हासची, म्हणजे चित्राच्या चौकटीची कड, आणि वलय कॅनव्हासच्या बाहेर पडते. ते तेथे आहे, फक्त आपल्याला दिसत नाही.

तपासणी सोपी आहे. व्यक्तीच्या लेयरखालचे सर्व लेयर बंद करावेत. व्यक्तीभोवती राखाडी-पांढऱ्या चौकड्या दिसल्या, तर कटआउट खरा आहे. पांढरा रंग दिसला, तर पार्श्वभूमी निघालेलीच नाही, तिच्यावर केवळ पांढरा रंग चढला आहे. इंटरनेटवरून घेतलेल्या काही चित्रांत त्या चौकड्याही रंगवलेल्याच असतात, म्हणून खाली एखादा भडक रंगाचा लेयर टाकून खात्री करून घ्यावी. गिम्पमध्ये लेयरला अल्फा चॅनेल (पारदर्शकतेची नोंद ठेवणारा भाग) नसेल, तर खोडरबर फिरवल्यावर पारदर्शकता न येता पार्श्वभूमीचा रंग येतो. तेव्हा लेयर मेन्यूतील ‘ट्रान्सपरन्सी’ या उपमेन्यूतून अल्फा चॅनेल जोडावा.

मोबाईलवर काम करणाऱ्यांसाठी एक खुलासा येथेच केलेला बरा. स्नॅपसीडमधील ‘ग्लॅमर ग्लो’ हा परिणाम संपूर्ण फोटोवर मऊ उजेड पसरवतो. तो व्यक्तीची कड शोधत नाही, त्यामुळे त्यातून व्यक्तीभोवतीचे वलय मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

पार्श्वभूमी उजळ असेल तर

कटआउट बरोबर आहे, डोळा चालू आहे, आणि तरीही वलय दिसत नाही, अशा वेळी पार्श्वभूमीचा उजेड तपासावा. मंगेशीच्या सात मजली पांढऱ्या दीपस्तंभासमोर दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या व्यक्तीला पांढरे वलय द्या, ही मागणी माझ्याकडे वारंवार येते, आणि फोटोशॉप त्या मागणीला दाद देत नाही. यामागे साधे गणित आहे.

आउटर ग्लोची ब्लेंड मोड (वरचा रंग खालच्या रंगात मिसळण्याची रीत) मुळात ‘स्क्रीन’ असते, आणि स्क्रीन फक्त उजळ करते. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा अशी मोजपट्टी धरली, तर २५५च्या वर जाण्यास जागाच नाही. पार्श्वभूमी २३० असेल आणि पांढरा ग्लो ३५ टक्के ओपॅसिटीने लावला, तर ती कडेलगत जेमतेम २३९पर्यंत जाते. ही ९ अंकांची वाढ डोळ्यांना जाणवत नाही. तीच पार्श्वभूमी ४० असेल, तर तोच ग्लो तिला ११५पर्यंत नेतो आणि वलय झळाळून उठते. म्हणजे ग्लो दोन्ही वेळा सारखाच आहे. त्याला उठून दिसायला अंधार मिळाला की नाही, एवढाच फरक आहे. समई देवघराच्या काळोखात जशी दिसते तशी अंगणातल्या उन्हात दिसत नाही.

यावर ओपॅसिटी १०० टक्के करणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे आणि तोच सर्वांत वाईट आहे, कारण त्यामुळे कडेलगत एक करकरीत पांढरी पट्टी येते आणि बाकी वलय अदृश्यच राहते. योग्य मार्ग पार्श्वभूमी गडद करण्याचा आहे, पण सगळी नव्हे. पार्श्वभूमी आणि व्यक्ती यांच्या मध्ये एक कर्व्हज ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या लेयरचा उजेड कमी-जास्त करणारा) टाकावा, त्याची रेघ खाली ओढावी, त्याचा मास्क (काळ्या जागी परिणाम लपवणारा आणि पांढऱ्या जागी दाखवणारा पडदा) काळा करावा आणि मोठ्या मऊ पांढऱ्या ब्रशने केवळ व्यक्तीच्या मागच्या भागावर तो परिणाम उघडत न्यावा. २३०चा दीपस्तंभ व्यक्तीच्या मागे १२०पर्यंत उतरला, तर तोच ३५ टक्क्यांचा ग्लो त्याला १६७पर्यंत नेतो. ४७ अंकांचा हा फरक वलय दिसण्यास पुरेसा असतो, आणि दीपस्तंभ दीपस्तंभच राहतो.

पार्श्वभूमी बदलण्यास ग्राहकाची तयारी नसेल, तर रंग बदलावा. ब्लेंड मोड ‘नॉर्मल’ करून केशरी किंवा कुंकवासारखी लाल छटा घेतली, तर पांढऱ्यावरही वलय दिसते. पांढऱ्यावर पांढरे वलय कोणत्याही मोडमध्ये दिसणार नाही, हे ग्राहकाला काम सुरू करण्यापूर्वी शांतपणे सांगावे.

आकार आणि फाइलचे माप

रेघेसारखे बारीक वलय हे जवळजवळ नेहमी मापाच्या गोंधळातून येते. ग्लोचा साइझ पिक्सेलमध्ये असतो, आणि पिक्सेलला स्वतःची लांबी-रुंदी नसते. १०८० पिक्सेल रुंदीच्या पोस्टवर २० पिक्सेलचे वलय रुंदीच्या सुमारे २ टक्के भरते आणि छान दिसते. तेच २० पिक्सेल २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या ६००० पिक्सेल रुंद फोटोवर अर्धा टक्काही भरत नाहीत. तेथे तसाच परिणाम हवा असेल, तर सुमारे ११० पिक्सेल द्यावे लागतात. छपाईत ३०० पीपीआयच्या (दर इंचाला ३०० पिक्सेलच्या) फाइलीत २० पिक्सेल म्हणजे १.७ मिलिमीटर होतात, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसणे शक्य नाही. ६ फूट रुंद बॅनर ७२ पीपीआयने केला, तर त्याची रुंदी ५१८४ पिक्सेल होते, आणि तेथे १०० पिक्सेलच्या आसपासचे वलय शोभते.

फोटो फ्री ट्रान्सफॉर्मने लहान-मोठा केल्यास साध्या लेयरवरील ग्लो त्याच्याबरोबर लहान-मोठा होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यासाठी लेयर स्टाइलच्या मेन्यूत ‘स्केल इफेक्ट्स’ आहे. ‘स्प्रेड’ वाढवला की वलय मऊ न राहता घट्ट होते, म्हणून तो शून्याजवळ ठेवून साइझ वाढवणे बरे.

कंबरेखालची चमकती पट्टी

मूळ फोटो कंबरेपर्यंतच असेल आणि तो फलकाच्या मध्यावर ठेवला असेल, तर जेथे फोटो संपतो तेथेही कड असते, आणि सॉफ्टवेअर तिच्याभोवतीही इमानेइतबारे वलय काढते. फोटोची खालची बाजू फलकाच्या खालच्या कडेला टेकवणे किंवा किंचित बाहेर नेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. तसे करता येत नसेल, तर व्यक्तीचा लेयर एका ग्रुपमध्ये ठेवावा आणि मास्क त्या ग्रुपला देऊन खालचा भाग ग्रेडियंटने विरघळवावा. ग्रुपचा मास्क ग्लोसकट सर्व झाकतो. लेयरच्याच मास्कवर ग्रेडियंट ओढला, तर ग्लो त्या नव्या अर्धपारदर्शक कडेभोवती पुन्हा उगवतो.

वलय मध्येच सरळ रेषेत कापले जाणे हा याचाच भाऊबंद आहे आणि तो गिम्पमध्ये अधिक आढळतो. तेथे लेयरला स्वतःची हद्द असते, आणि त्या हद्दीबाहेर प्रकाश जात नाही. ‘लेयर टू इमेज साइझ’ ही आज्ञा दिली, की हद्द चित्राएवढी होते.

कड: बहुतेक दोषांचे घर

वरील सर्व तपासण्या दहा मिनिटांत आटोपतात. येथून पुढे मात्र वेळ आणि सावकाशी दोन्ही लागतात.

वलयात ढगासारखे डाग दिसत असतील, तर व्यक्तीभोवती जुन्या पार्श्वभूमीचे अर्धवट पुसलेले कण राहिले आहेत असे समजावे. हे कण इतके फिके असतात, की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु ग्लो प्रत्येक कणालाही व्यक्तीसारखेच वागवतो आणि त्याच्याभोवती स्वतंत्र वलय काढतो. ते शोधण्याची माझी नेहमीची रीत अशी आहे: लेयर स्टाइलमध्ये तात्पुरता २ ते ३ पिक्सेलचा लालभडक स्ट्रोक (कडेभोवतीची रेघ) लावावा. जेथे जेथे कण राहिले असतील, तेथे लाल ठिपके आणि वेटोळी उमटतात. मास्कवर काळ्या ब्रशने ती सर्व पुसावीत आणि मग स्ट्रोक काढून टाकावा. थंबनेलवर (लेयरच्या छोट्या चित्रावर) कंट्रोलसह क्लिक करून सिलेक्शन पाहण्याची रीत पुष्कळ जण वापरतात, पण सिलेक्शनची रेघ केवळ ५० टक्क्यांहून अधिक अपारदर्शक भागाभोवती दिसते, त्यामुळे फिके कण तिच्यातून निसटतात.

झालर हा दुसरा आणि अधिक हट्टी दोष आहे. कडेवरील पिक्सेलमध्ये व्यक्तीचा रंग आणि जुन्या पार्श्वभूमीचा रंग हे दोन्ही मिसळलेले असतात. आपल्याकडे फोटो बहुधा माडांच्या, पोफळींच्या किंवा पावसाळ्यातल्या हिरव्यागार डोंगराच्या पार्श्वभूमीवर काढलेले असतात, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर, केसांच्या टोकांवर तो हिरवा उजेड चढलेला असतो. मूळ फोटोत तो कळत नाही. त्याच्या मागे सोनेरी वलय आले, की मधोमध शेवाळल्यासारखी रेघ उठते, आणि लोक ग्लोचा रंग बदलत बसतात. दोष ग्लोच्या रंगात नसल्यामुळे तो कितीही बदलला, तरी रेघ राहतेच.

येथेही स्वस्त उपायापासून सुरुवात करावी. मास्क निवडून ‘सिलेक्ट अँड मास्क’मध्ये ‘शिफ्ट एज’ उणे बाजूला थोडा सरकवावा. कड एक-दोन पिक्सेल आत गेली, की पुष्कळशी झालर कापली जाते. तेवढ्याने न भागल्यास तेथेच ‘डीकंटॅमिनेट कलर्स’ वापरावा. तो कडेवरील परक्या रंगाच्या जागी व्यक्तीचा जवळचा रंग भरतो, पण पिक्सेल कायमचे बदलतो, म्हणून निकाल नव्या लेयरवर घ्यावा आणि मूळ लेयर जपून ठेवावा. मास्क कायमचा लागू केलेल्या प्रतीवर मॅटिंग मेन्यूतील ‘डीफ्रिंज’ १ पिक्सेलने चालवणे हाही एक मार्ग आहे. पांढऱ्या किंवा काळ्या पडद्यासमोरचा फोटो असेल, तर त्याच मेन्यूत पांढरी आणि काळी झालर काढण्याच्या वेगळ्या आज्ञा आहेत.

एवढे करूनही खांद्यावर हिरवेपणा उरला, तर हाताने रंगवावे. व्यक्तीच्या लेयरवर नवा लेयर घेऊन तो क्लिपिंग मास्कने खालच्या लेयरला बांधावा, त्याची ब्लेंड मोड ‘कलर’ करावी, आयड्रॉपरने आतल्या कापडाचा रंग उचलावा आणि मऊ ब्रश केवळ कडेवरून फिरवावा. उजेड-अंधार जसाचा तसा राहतो, फक्त हिरवी छटा जाते. हे काम कंटाळवाणे आहे, तरी माझ्या अनुभवात त्याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

कटआउट कोठून आला, हेही विचारावे. एका क्लिकने पार्श्वभूमी काढून देणाऱ्या मोफत सेवांमधून मिळालेले चित्र पुष्कळदा मूळ फोटोपेक्षा लहान असते. ते फलकावर ताणले, की कड पसरते आणि वलय चिखलासारखे दिसते. अशा वेळी दुरुस्तीत वेळ घालवू नये. मूळ फोटो मागवून कटआउट नव्याने करावा.

एकाच कॅमेऱ्याचे सर्वच फोटो कडेभोवती दुधाळ दिसत असतील, तर लेन्सकडे पाहावे. आपल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. बंद कॅमेऱ्यातून लेन्स काढून तिच्यातून टॉर्चचा उजेड पाहिला, की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. ती लेन्स स्वतः उघडू नये. दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावी, आणि तोवर त्या फोटोंवर कड सुधारण्याचे श्रम करू नयेत.

हाताने केलेले वलय

लेयर स्टाइलने समाधान होत नसेल, तर वलय हाताने करावे. मी मोठ्या फलकांवर आता बहुधा हेच करतो. व्यक्तीच्या थंबनेलवर कंट्रोलसह क्लिक करून सिलेक्शन घ्यावे, तिच्या खाली नवा लेयर करून त्यात हवा तो रंग भरावा, सिलेक्शन सोडावे आणि मग गॉसियन ब्लर (कड धूसर करणारा फिल्टर) लावावा. सिलेक्शन न सोडता ब्लर लावला, तर धूसरपणा आतच अडकतो आणि वलय बाहेर येतच नाही. ही चूक मी अनुभवी मुलांकडूनही होताना पाहिली आहे.

असे दोन लेयर करावेत: एक अरुंद आणि थोडा ठळक, दुसरा रुंद आणि फिका. खऱ्या उजेडाची झळाळी कडेलगत तीव्र असते आणि दूर जाताना लांबवर विरत जाते. एकाच ग्लोमध्ये हे दोन्ही साधत नाही. शिवाय दोन्ही लेयर सुटे असल्यामुळे प्रकाश ज्या बाजूने येतो, तेथे वलय ठेवून दुसऱ्या बाजूने मास्कने कमी करता येते. ऐतिहासिक नाटकातील नायकाच्या जिरेटोपामागे उजेड हवा आणि तलवारीच्या टोकाशी नको, अशी मागणी आली, तर या रीतीने ती दोन मिनिटांत पुरी होते. गिम्पमध्ये ‘ड्रॉप शॅडो’चे दोन्ही ऑफसेट शून्य करून रंग उजळ घेतला, तरी असेच वलय मिळते.

उतारातल्या पायऱ्या

८ बिटच्या फाइलीत प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात. ४०च्या पार्श्वभूमीवर ११५पर्यंत चढणारे वलय म्हणजे ७५ पायऱ्या. त्या २५० पिक्सेलमध्ये पसरल्या, की प्रत्येक पायरी ३ पिक्सेलहून रुंद होते आणि नजरेला पट्टे दिसू लागतात. प्रथम मोबाईलवर पाहावे, कारण काही स्वस्त मॉनिटर फाइलीत नसलेले पट्टेही दाखवतात. पट्टे खरेच असतील, तर ग्लोच्या खिडकीतील ‘नॉइज’ २-३ टक्के करावा. बारीक दाण्यांमुळे पायऱ्यांच्या सीमा मोडतात. फाइल १६ बिट करण्याचा उपयोग लेयर आणि ग्लो अजून जिवंत असतानाच होतो. एकदा सपाट केलेल्या चित्रात पडलेले पट्टे त्याने जात नाहीत.

जतन करणे, पाठवणे आणि छपाई

जेपीईजीमध्ये पारदर्शकता टिकत नाही. वलयासह कटआउट दुसऱ्या चित्रावर ठेवायचा असेल, तर तो पीएनजी करावा, आणि तोही २४ बिटचा. ८ बिटच्या पीएनजीत फोटोशॉप वलयाचा मऊ उतार तोडून कड दातेरी करते. ही फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर ती दाबून लहान केली जाते आणि पारदर्शक भाग भरून निघतो. मोबाईलवर दिसणारा चौकोन बहुधा एवढ्यानेच जातो.

छपाईची तपासणी सर्वांत महाग, म्हणून शेवटी. पडद्यावर निऑनसारखे दिसणारे निळे-हिरवे आणि गुलाबी उजेड सीएमवायके (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या) शाईत उतरत नाहीत. ‘प्रूफ कलर्स’ चालू करून छपाईत काय होईल ते आधी पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि वाय एकत्र दाबल्यास शाईच्या आवाक्याबाहेरचे भाग राखाडी होऊन दिसतात. हळदी आणि केशरी छटा तुलनेने चांगल्या टिकतात. ब्लेंड मोड असलेले लेयर तसेच ठेवून आरजीबीचे (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांचे) सीएमवायके केले, तर वलयाचा रंग बदलू शकतो, म्हणून पीएसडी (फोटोशॉपची लेयर असलेली फाइल) वेगळी जपून ठेवावी, तिची प्रत सपाट करावी आणि मगच रूपांतर करावे. फ्लेक्सच्या दुकानात लेयर असलेली फाइल न देता पूर्ण मापाची सपाट टिफ किंवा उत्तम दर्जाची जेपीईजी द्यावी. वृत्तपत्रातील श्रद्धांजलीसाठी वलय फिके ठेवू नये. त्या कागदावर शाई पसरते, अगदी फिक्या छटा नाहीशा होतात आणि मधल्या छटा गडद होतात.

केव्हा थांबावे

एका फोटोच्या कडेवर तासभर गेला आणि झालर अजून आहे, तर थांबावे. मोकळे सोडलेले कुरळे केस, झिरझिरीत पदर, मोत्यांचा तुरा आणि माटोळीसमोरची (चवथीला टांगलेल्या पानाफळांच्या सजावटीसमोरची) गणेशमूर्ती ही मी स्वतः ठरवलेली सीमा आहे. माटोळीतील पाने, फळे आणि देठ मूर्तीच्या मुकुटामागे असे गुंतलेले असतात, की कोठे मूर्ती संपली हे यंत्राला कळत नाही आणि माणसालाही जवळ जाऊनच कळते. असे काम रिटचिंगच्या व्यावसायिकाकडे द्यावे, किंवा शक्य असल्यास मूर्तीचा फोटो साध्या पडद्यासमोर पुन्हा काढावा. दुसरा मार्ग पुष्कळदा स्वस्त पडतो.

दिवंगत व्यक्तीचा एकमेव जुना, तडकलेला फोटो हाती आला असेल, तर त्यावर सराव करू नये. मूळ फोटोला टाचणी किंवा चिकटपट्टी न लावता तो चांगल्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्यावा आणि दुरुस्ती जाणकाराकडे सोपवावी. वलय शेवटी, फोटो पूर्ण दुरुस्त झाल्यावरच द्यावे. आधी वलय दिले आणि नंतर चेहऱ्याची कड सुधारली, तर सगळे पुन्हा करावे लागते, आणि अंत्यविधीच्या घाईत कुटुंबाला तेवढी उसंत नसते.

प्रूफमध्ये रंग ठीक दिसून छपाईत दोनदा मळकट आला, तर तिसरी प्रत छापू नये. मॉनिटरचे कॅलिब्रेशन किंवा छापखान्याचे कलर प्रोफाइल यांपैकी एक चुकले आहे, आणि ते फाइल बदलून सुधारणार नाही. छापखान्यातील रंग पाहणाऱ्या माणसाकडे बसून हाताच्या पंजाएवढा नमुना त्याच कागदावर किंवा फ्लेक्सवर काढून घ्यावा. व्यावसायिकाकडे जाताना मूळ फोटो, लेयर असलेली पीएसडी, छपाईचे अंतिम माप आणि बिघडलेली छापील प्रत या चार गोष्टी बरोबर न्याव्यात. बिघडलेली प्रत फेकून दिली जाते आणि दोष ओळखण्यासाठी त्याला तीच सर्वांत आधी हवी असते.